दोन शब्दांची साक्ष

३ फेब्रुवारी, सोमवार

शंभर दिवस झाले बापा, आन् तू अजून हूं का चूं केलं न्हाईस. शाळेतला हापसा बिघडला तवा मी एक चिठ्ठी लिहून दिली होती, वाकड्यातिकड्या अक्षरात, तर नवव्या दिवशी सेनगावहून माणूस पान्हे घेऊन आला. नवव्या दिवशी! त्याला मी सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून बोलवलं नव्हतं. त्याच्यासाठी उपास धरले नव्हते. तुझ्यासाठी चौदा शुक्रवार धरले.

पास्टर रविंद्र म्हणतेत, प्रार्थना म्हणजे देवासंगं सरळ बोलणं, मधी कोणी न्हाई, रेंज जायची भीती न्हाई. बरं. मग मी बोलते ते जातं कुठं?

त्यांनीच आमा बायांना ह्या वह्या वाटल्या. डाव्या पानावर मागणं लिहायचं, उजव्या पानावर तारीख घालून उत्तर लिहायचं. बाकीच्या बायांची उजवी पानं भरून राहिली. कोणाची म्हैस गाभण राहिली, कोणाच्या पोराला नोकरी लागली. माझी डावी बाजू भरली, उजवी कोरी. आता कोऱ्या पानावर मीच लिहिते. कागद वाया कशाला घालवू.

मागणं तुला पाठ असंल, तरी लिहिते. संध्याच्या बापाची वाचा परत दे. प्रेमानंद नाव त्यांचं, घरात मी मालक म्हणते. वीस वर्ष गोरेगाव-सेनगाव-हिंगोली जीप चालवली. स्टँडवर उभं राहून हाळी दिली तर शेवटच्या गल्लीतल्या बाया लुगडं सावरत पळत यायच्या. दिवाळीच्या आधी लकवा मारला. उजवा हात गेला आन् तोंड गेलं. समजतं सगळं. तोंड उघडतेत, जबडा हालतो, डोळे मोठे होतेत, आन् पुढं काही येत न्हाई. मग मलाच बोलावं लागतं. पाणी पाहिजे का? घ्या. उन्हात बसायचं का? चला. हिंगोलीच्या दवाखान्यातली बाई म्हणली, त्यांना वेळ द्या, मधी बोलू नका. तिला काय जातंय. तिला दहा वाजता शाळेत जाऊन दीडशे लेकरांची खिचडी शिजवायची न्हाई.

मी शाळेत असते तवर मालक समोर इनायतभाईच्या शिवणाच्या दुकानात बसतेत. इनायतभाई म्हणजे मुका बरा असा माणूस. मशीन चालवतो आन् खाली बघतो. दोघं बसतेत दगडावानी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलले! बोलले! बोलले!

सकाळी मी उंबऱ्यात बसून प्रार्थना करत होते. दार उघडंच होतं, मी नेहमी उघडंच ठेवते, गल्लीला ऐकू जाऊ दे की आमच्या घरात देवाचं नाव चालतं. मोठ्यानं म्हणून राहिले होते, देवबापा, ह्या माझ्या मालकाकडं बघ, लेकरावानी झाला, लाळ गळती, कपडे मलाच घालावे लागतेत, संडासाला मलाच न्यावं लागतं, तर मागून आवाज आला.

"दार लाव."

साफ. दोन शब्द. शंभर दिवसांनी. मी मागं बघितलं तर मालक माझ्याकडंच बघत होते, कान लाल झाले होते, आनंदानं असंल. मी धावत जाऊन त्यांचा खांदा धरला, म्हणलं पुन्यांदा म्हणा, म्हणा, दार लाव म्हणा, माझं नाव घ्या, जनका म्हणा, संध्या म्हणा, येशू म्हणा. त्यांनी डोळे मिटून घेतले. थकले असतील.

दार लावायचं राहूनच गेलं. आज खिचडीत मीठ दोनदा पडलं. लेकरांनी बोंब केली, तरी मी हसत होते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मंडळीत साक्ष दिली, तू काय केलंस ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलं. आमची मंडळी रविवारच्या भक्तीला मेडिकलच्या वरच्या खोलीत भरते, जिना उभा हाय, म्हणून मालक येऊ शकत न्हाईत.

काय झालं ते बराबर लिहिते, कारण मनात खुटखुट हाय. मी दोन शब्दच सांगणार होते. पण साक्षीच्या आधी पास्टर म्हणले, "साक्ष देताना पूर्ण द्या. अर्धी मिळाली म्हणू नका. मागितलं ते मिळालं, हातात आलं, असं धरून बोला. तोच विश्वास." ते नेहमीच असं शिकवतेत, आन् सगळ्या बाया तशाच साक्षी देतेत. ताप उतरायच्या आधीच उतरला म्हणतेत, मग उतरतो.

म्हणून मी उभी राहिले आन् म्हणले, "माझा माणूस बोलतो. भाकर मागतो, नाव घेऊन हाक मारतो, सकाळी माझ्यासंगं प्रार्थना म्हणतो." टाळ्या पडल्या. पास्टरचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, दोन मार्चला रविवारी हिंगोलीत मोठी सभा हाय, मांडव पडणार, पाच तालुक्यातून लोक येणार, तिथं प्रेमानंदभाऊ स्वतः माईक धरून साक्ष देतील.

आता माझ्या तोंडून निघालं ते मालकाच्या तोंडून कवा निघंल? एकवीस दिवस हायेत. तुला एकवीस दिवस पुष्कळ झाले बापा. तू सात दिवसात सगळं केलं होतंस, त्यातबी एक सुट्टी घेऊन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साक्ष पायानं चालते. आज हट्ट्याहून एक बाई आली. हट्टा कुठं, गोरेगाव कुठं. वसमत, हिंगोली, सेनगाव, तीन गाड्या बदलून. शीतल नाव. संगं सहा वर्षाची पोरगी, जन्मापासून बोलत न्हाई. मी शाळेतून आले तर दोघी वट्ट्यावर बसलेल्या.

"आत्या, ते कुठं हायेत? बोललेत ते?"

मी मालकाला इनायतभाईच्या दुकानातून आणलं. शीतलनं पोरीला त्यांच्या पुढ्यात बसवलं आन् म्हणली, "दादा, हिच्या डोक्यावर हात ठेवा आन् प्रार्थना म्हणा."

मालकांनी डावा हात ठेवला. तोंड उघडलं. जबडा हालायला लागला. शीतल वाट बघत होती, पोरगी वाट बघत होती, मला राहवेना. मी म्हणले, "आज थकलेत गं. सकाळधरनं लई लोक येऊन गेले." मग मीच प्रार्थना म्हणली. पोरगी माझ्याकडं बघतच नव्हती, त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मालकांनी हात काढला आन् भिंतीकडं तोंड फिरवलं.

जाताना शीतल म्हणली, "नांदेडला हिचे कान तपासायची तारीख भेटली व्हती, एक मार्च. चार महिने झाले नंबर लावून. पण लागोपाठ दोन दिवस शेतमालक सोडत न्हाई. मग म्हणलं, सभाच धरावी. दादा माईकवर बोलतेन तवा हिला पुढच्या रांगेत बसवते."

मी म्हणले, "बरं."

दुसरं काय म्हणणार होते?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उपासाची प्रार्थना झाल्यावर पास्टरला बाजूला घेतलं. म्हणलं, "पास्टर, खरं सांगते. दोनच शब्द बोलले. दार लाव. पुढं काही न्हाई."

वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मीबी रागावले असते. ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जनकाबाई, बी पेरलं की झाड झालंच म्हणायचं. तुमच्या मनात शंका कोण घालून राहिलं, ओळखा. साक्ष दिली ती देवाच्या नावानं दिली. आता माघारी घेतली तर कोणाला खोटं पाडता? तुमाला का त्याला? आन् सभेला येणारे ते दुखणाईत लोक? त्यांचा विश्वास तुटला तर ते कोणाच्या माथी?"

"पण ते बोलले न्हाईत तर?"

"बोलतील. तुमी शंका सोडा. शंकेनंच तर अडतं सगळं."

म्हणजे बोलले तर देवाची करणी, न्हाई बोलले तर माझी शंका. कुठूनबी फिरलं तरी मीच. कोंबडी टोपल्याखाली झाकतेत तसं झालं हाय. टोपल्याला फटी हायेत, बाहेरचं सगळं दिसतं, निघता येत न्हाई.

पण मी त्यांना वाईट म्हणत न्हाई. लकवा मारला तवा हिंगोलीच्या दवाखान्यात तीन रात्री फरशीवर माझ्यासंगं तेच बसले होते. सख्खा दीर आला न्हाई.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून सराव. शाळेतून आले की मालकाला खुर्चीत बसवते, समोर पाटावर मी बसते. हातात लाटणं, तेच माईक. एवढंच म्हणायचं, "मी प्रेमानंद. प्रभूनं मला वाचा दिली." एवढंच. पुढचं मी सांभाळते.

"मी," मी म्हणते. ते तोंड उघडतेत. "प्रेमानंद," मी म्हणते. ते अजून "मी"वरच असतेत. "प्रभूनं," मी म्हणते. म्हणा की! लाटणं तोंडाजवळ नेलं. वीस वर्ष सेनगाव सेनगाव वरडत होता तो काय दुसऱ्याचा गळा होता का?

चौथ्या डावाला त्यांनी डाव्या हातानं लाटणं धरलं आन् फेकलं. थेट हंड्यावर. हंड्याला पोचा आला.

हट्टी माणूस. तरणा होता तवाबी असाच होता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खुर्शीदबी वाटीभर दही घेऊन आली. इनायतभाईची बायको. तिच्या नवऱ्याच्या वाटणीचं सगळं बोलणं देवानं तिलाच दिलंय.

"अगे जनका, काय चालू हाय तुझ्या घरात? तू बोलायला लागली की माझी बकरी चारा सोडून कान उभे करती."

"सराव चालू हाय. सभेत बोलायचं हाय मालकाला."

"प्रेमानंदभाईला विचारलं का?"

"काय विचारायचं त्यात? त्याच्यासाठीच करून राहिले ना."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणली, "परवा चहा दिला दुकानात, तर भाई म्हणले साखर जादा हाय. मी म्हणलं बरं झालं सांगितलं, आमचे हे तर पाक पण पिऊन टाकतेत."

मी तिच्याकडं बघितलं. म्हणलं, "खुर्शीदबी, माझी मस्करी करू नको. माझं मन आता मस्करीत न्हाई."

"अल्ला कसम."

"शपथ नको घेऊ. माझ्या घरात शंभर दिवस तोंड उघडलं न्हाई आन् तुझ्या घरी साखर जादा म्हणतो?"

ती वाटी ठेवून गेली. बाई चांगली हाय, मला बरं वाटावं म्हणून बोलली असंल. पण असल्या बरं वाटण्यानं माझी तकलीफ वाढते.

संध्याचा फोन आला परभणीहून. तिला सांगितलं. ती म्हणली, "आई, बाबा माझ्यासंगं फोनवर हां म्हणतेत. उशिरानं म्हणतेत, पण म्हणतेत. तू फोन काढून घेतीस ना लगेच." लेकीबी आता शिकवायला लागल्या. मी फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

पत्रकं छापून आली. वर क्रूस, मधी मालकाचा फोटो, जीपला टेकून उभे असलेले, लग्नातल्या नवरदेवावानी. खाली मोठ्या अक्षरात, "मुका बोलू लागला! स्वतः त्यांच्या तोंडून ऐका!" सेनगावच्या स्टँडवरबी लावलं म्हणे. जिथं त्यांनी वीस वर्ष हाळ्या दिल्या त्याच खांबाला.

एक पत्रक घरी आणलं. लपवून ठेवणार होते, पण त्यांनी पिशवीतून डोकावलेलं बघितलं आन् हात पुढं केला. दिलं. लई वेळ वाचत बसले. मग दुमडलं, आणखी दुमडलं, काडेपेटीएवढं केलं आन् मुठीत धरून बसले. मी म्हणले, "घाबरू नका, मी बाजूला उभी राहते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चूल पेटवायला उठले.

शीतलचा नंबर माझ्याकडं हाय. दुपारी दोनदा लावला, वाजायच्या आधी तोडला. काय सांगू? की मी खोटं बोलले, तू नांदेडला जा? मग ती पास्टरला विचारंल. पास्टर मंडळीत विचारतील. मंडळी म्हणंल, हिनं देवाला खोटं पाडलं. आन् न सांगावं तर त्या पोरीची तारीख जाते. अजून चार महिने.

बापा, मी तुला एकदाबी खोटं बोलले न्हाई. जे बोलले ते लोकांपुढं बोलले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्रीची सुट्टी. औंढ्याला जायला लोकांची झुंबड, स्टँडवर एकेका जीपमधी बारा बारा. मालकाला इनायतभाईच्या दुकानात बसवलं आन् मी ओढ्यावर गोधडी धुवायला गेले. रोज दोनला येते, आज अकरालाच परत आले. गोधडी वल्ली, जड, म्हणून मागच्या बोळीनं आले, दुकानाच्या मागच्या भिंतीकडनं. तिथं खिडकी हाय.

मशीन चालू होतं. मग थांबलं. इनायतभाई काज करत असंल, सुई-दोऱ्याचं काम. किती वेळ काहीच आवाज न्हाई. मला वाटलं दोघं झोपले. मी गोधडी दुसऱ्या खांद्यावर घेतली तेवढ्यात आतून आवाज आला.

"जनका... लई... थकली."

आवाज त्यांचा. हाळीचा न्हाई, बारीक, विहिरीच्या तळातून आल्यावानी, पण त्यांचाच.

इनायतभाई काही बोलला न्हाई. बिनडोक माणूस! मी असते तर, व्हय थकली, मग? असं विचारलं असतं. त्यानं दोरा तोडला, तेवढाच आवाज. मग बऱ्याच वेळानं म्हणला, "सभेचं काय करायचं भाई?"

पुन्हा काहीच न्हाई. एक जीप गेली. बाहेर कोणी कोणाला शिव्या दिल्या. गोधडीतलं पाणी माझ्या पायावर गळत होतं.

"तिला... विचारू... दे."

मला काय विचारू दे? मी काय विचारलं न्हाई? मी तर शंभर दिवस विचारूनच राहिले, पाणी पाहिजे का, भूक लागली का, दुखतं का! मी गोधडी तिथंच टाकली आन् पुढून दुकानात घुसले. म्हणलं, "बोलता! इथं बोलता! आन् माझ्या घरात मुके! मी काय पाप केलं? किती दिवस झाले? कवापासून चालू हाय हे?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. जबडा हालला. मी म्हणले, "आता का न्हाई? बोला ना, सांगा ना, तिला विचारू दे म्हणजे काय?" तोंड मिटलं.

मग इनायतभाईवर फिरले. "तू काय केलंस त्यांना? काय देतोस? काय म्हणतोस?"

त्यानं सुई गादीला टोचून ठेवली. "भाभी, मी कायीच करत न्हाई. मी आपला काज करतो. तासातून एखादा बोल निघतो. कधी न्हाई निघत."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"दोनदा आलो होतो सांगायला," तो म्हणला. "तुमी बोलत होत्या."

मालकाला घरी आणलं. दिवसभर मी विचार करून राहिले आन् मला एकच कळलं. बापा, तू ऐकलंस. माझी प्रार्थना पोचली, त्यात शंका न्हाई. पण उत्तर तू भलत्याच घरी टाकलंस. मी उंबऱ्यात बसून बोंबलले आन् तू गल्लीच्या पलीकडं दिलंस, ज्यानं मागितलं न्हाई त्याला, जो तुझं नावबी माझ्यावानी घेत न्हाई त्याला. ही कुठली रीत? पोस्टमन असं करत न्हाई.

संध्याकाळी भाकरी झाल्यावर मी मालकाच्या समोर बसले. लाटणं घेतलं न्हाई. सरळ विचारलं, "रविवारी हिंगोलीला येता का न्हाई?" त्यांनी तोंड उघडलं. मी थांबले. खरंच थांबले. दोन भाकरी थापून होतील एवढी थांबले. जबडा हालत होता, मानेची शीर फुगली होती, डोळ्यात पाणी आलं, मला बघवेना. म्हणले, "बरं, राहू द्या, तुमाला यायचं हाय, मला माहिती हाय." त्यांनी मान हलवली. आता ती व्हय म्हणून हलवली का न्हाई म्हणून, बत्ती मागं होती, मला दिसलं न्हाई. पुन्हा विचारलं तर भिंतीकडं तोंड.

मग माझंबी डोकं फिरलं. म्हणलं, ठीक हाय. आजपासून मीबी बोलत न्हाई. तुमच्यासंगं न्हाई आन् वरच्यासंगं न्हाई. सकाळची प्रार्थना बंद. पाणी पाहिजे का विचारणार न्हाई, तांब्या ठेवीन, पाहिजे तर घ्या. समोर बसीन, काम करीन, तोंड उघडणार न्हाई. बघू कोणाला आधी वाचा फुटते.

हे लिहून ठेवते म्हणजे कोणी म्हणायला नको की जनकानं सांगितलं नव्हतं. शनिवारी एक तारीख. शीतलला नांदेडची पहिली गाडी धरायची तर तिला शुक्रवारी रात्रीच्या आत माझा फोन जायला पाहिजे. पास्टरबी शुक्रवारीच येणार, जीपमधी किती माणसं ते विचारायला. म्हणून शुक्रवार, दिवे लागायच्या आत. दोघंबी ऐका. मालक सभेला येतेत का न्हाई, आन् मी त्या पोरीच्या आईला काय सांगायचं, एवढ्या दोनच गोष्टींचं उत्तर पाहिजे. बापा, तू दे न्हाईतर ह्यांनी द्यावं, मला कोणाचंबी चालतं. पण माझ्या घरात द्या. इनायतभाईच्या दुकानात न्हाई.